गणपतीच्या सीझनआधी फ्लेक्स मशीनची तयारी: शाई थांबली तर हाताशी काय हवं

तालमींच्या गणपतीचे बोर्ड, आगमनाच्या कमानी, पाठोपाठ नवरात्र. कोल्हापुरातल्या डिजिटल प्रिंटवाल्याचं निम्मं वर्ष या दोन-अडीच महिन्यांवर तगतं आणि मशीन शाई सोडायचं थांबतं तेही नेमकं तेव्हाच. यात नशिबाचा भाग कमी असतो. लग्नसराई आणि फुटबॉलचा हंगाम उरकला की जूनमध्ये मशीन दिवसाला तास-दोन तास चालतं. उरलेला वेळ हेड (शाई फवारणारा भाग) कॅपवर (त्याच्या रबरी झाकणावर) बसून असतं, कॅपचं रबर चिरलेलं असेल तर नोझलच्या (हेडच्या बारीक भोकांच्या) तोंडाशी शाई सुकते आणि रंगाचा गाळ डॅम्परच्या (हेडला शाई देणाऱ्या छोट्या डबीच्या) जाळीत बसत जातो. मग अचानक सलग बारा तासांचं काम आलं की हेडला लागते तेवढी शाई त्या जाळीतून येत नाही.

म्हणून मृग लागला की तयारीला लागा. भाग बहुतेक पुण्या-मुंबईहून येतात, एरवी रात्रीत पोचतात. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली, हे इथे कुणाला सांगायला नको. शंभर-दोनशे रुपयांच्या डॅम्परसाठी तेव्हा मशीन झाकून बसावं लागतं.

कपाटात आधी डॅम्परचा एक पूर्ण संच आणि वर दोन जादा ठेवा, त्यांच्या ओ-रिंगसह. कॅप टॉप एक, वायपर (हेड पुसणारी रबरी पट्टी) दोन, हेडच्या डेटा केबल दोन. जुन्या केबलची लांबी आणि पिना मोजूनच मागवा, फोटो पाठवून मागवलेली केबल हमखास आखूड निघते. शाईची नळी दोन मीटर, २० आणि ५० मिलीच्या सिरिंज, फोमचे स्वॅब, लव न सुटणारं कापड, नायट्राइल हातमोजे, टॉर्च, मल्टिमीटर. कानात घालायच्या कापसाच्या काड्या हेडजवळही नकोत, तंतू नोझलमध्ये अडकतो. हेड धुवायचं सोल्युशन किमान एक लिटर, आणि ते तुमच्या शाईच्याच जातीचं. इको-सॉल्व्हेंटला इको-सॉल्व्हेंटचं, सॉल्व्हेंटला सॉल्व्हेंटचं, पाण्याच्या शाईला पाण्याचं. सॉल्व्हेंटच्या शाईत पाणी गेलं की गुठळ्या होतात. रंगाच्या दुकानातला थिनर किंवा अ‍ॅसिटोन स्वस्त पडतो, पण डीएक्स-५, एक्सपी-६०० सारख्या हेडमधला चिकटवलेला थर त्यानं सुटतो. शाई एकाच कंपनीची ठेवा, बाटलीवरची मुदत बघा आणि सीझनच्या मध्यात कंपनी बदलू नका. दोन कंपन्यांच्या शाया नळीत भेटल्या तर काय होईल हे भेटल्यावरच कळतं.

मशीन चांगलं चालत असताना नोझल चेक (कुठली नोझल चालू-बंद ते दाखवणारी चाचणीची प्रिंट) काढून, तारीख घालून फाइलला लावा. डीएक्स-५ मध्ये १४४० नोझल, आय-३२०० मध्ये ३२००, कोनिका ५१२आय मध्ये ५१२. यातली दोन-चार आधीपासूनच बंद असतील तर ती कुठली, हे बिघाडाच्या दिवशी माहीत असलं पाहिजे. निगेटिव्ह प्रेशरचं (शाई हलकी मागे ओढून धरणारं) मशीन असेल तर मीटरवरचा चालू आकडा मार्करनं भिंतीवर लिहा. प्रेशर जास्त ओढलं गेलं तर नोझलमधून हवा आत शिरते आणि सगळे रंग एकदम जातात, कमी पडलं तर हेडमधून शाई ठिबकते.

आता शाई थांबलीच तर. पहिलं काम क्लीनिंगचं बटण दाबायचं नाही, नोझल चेक मशीनवरूनच काढायचं. तो पूर्ण आला आणि जॉबमध्येच रंग नसेल, तर हेडला हात लावू नका. फाइल, प्रोफाइल किंवा रिपमधलं (फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) चॅनेल बघा. नोझल चेकचा कागद कोराच आला, कॅरेज (हेड डावीउजवीकडे नेणारा भाग) मात्र नेहमीसारखं फिरतंय, तर एकाच वेळी सगळे रंग सुकण्याची शक्यता कमी. डेटा केबल, हेड बोर्डचा फ्यूज, नाहीतर कॅप आणि तिच्यातून शाई ओढणारा पंप बघा. एकच रंग गेला असेल तर त्या रंगाची लाइन: टाकी, पंप, फिल्टर, नळी, डॅम्पर. दर वेळी वेगवेगळी नोझल कोरी जात असतील तर लाइनमध्ये हवा आहे. दर वेळी तीच कोरी जात असतील तर तिथे शाई सुकली आहे किंवा ती नोझल मेली आहेत.

सर्वांत फसवा प्रकार उपाशी हेडचा. सकाळी नोझल चेक स्वच्छ, पहिला मीटर झकास, मग भगवा पिवळट होत जातो, आणि दहा मिनिटं थांबलं की परत नीट. हेड बिघडलं म्हणून इथे लोक हजारो रुपये घालवतात. हेड ठीक असतं, मॅजेंटा (गुलाबी) रंग मागणीइतका पोचत नसतो. डॅम्पर टॉर्चच्या उजेडात बघा, निम्म्याहून जास्त शाईनं भरलेला हवा. रिकामा असेल तर खालच्या तोंडाला सिरिंज लावून हळू ओढा. शाई सहज आली तर डॅम्पर आणि त्याच्या वर सगळं ठीक आहे. जड आली तर डॅम्पर काढून नुसत्या नळीतून ओढा. आता सहज आली तर डॅम्परची जाळी बसली आहे, बदला. तरीही जड, तर कॅरेजच्या साखळीत नळी मुरगळली आहे का, फिल्टर भरलाय का, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का ते पाहा. आणि सिरिंजमध्ये शाईबरोबर बुडबुडे येत राहिले तर ओ-रिंग किंवा जोड हवा खातोय. सबटँकचा (मशीनवरच्या छोट्या टाकीचा) फ्लोट अडकला तरी लक्षणं हीच: टाकी भरलीय असं मशीनला वाटतं, पंप चालत नाही, बाटली भरलेली आणि हेड कोरडं.

कॅपची परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तीच कुणी करत नाही. कॅरेज बाजूला घ्या, सिरिंजनं कॅप काठोकाठ सोल्युशननं भरा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांनी पातळी जवळपास तशीच राहिली पाहिजे. आपोआप उतरली तर पंपाची आतली नळी चपटी झालीय किंवा कॅपखालचा जोड ढिला आहे. मग पंप चालवा: कॅप झटकन रिकामी व्हायला हवी. नाही झाली तर कचऱ्याची नळी वाळलेल्या शाईनं बुजली आहे. कॅप यात नापास असेल तर क्लीनिंग दहादा मारून काही निघत नाही, कारण ओढायला जोरच नाही. उलट हेडमध्ये हवा जाते आणि शाईची बाटली कचऱ्याच्या डब्यात रिकामी होते. दोनदा साधं क्लीनिंग करूनही फरक पडला नाही की थांबायचं, हा नियम ऑपरेटरला सांगून ठेवा. रात्रपाळीच्या पोराला तर लिहूनच द्या.

हे सगळं पास झालं, तरच हेड. कॅप सोल्युशननं भरून हेड त्यावर अर्धा ते एक तास बसवा. तेवढ्यानं न उघडल्यास डॅम्पर काढून हेडच्या तोटीला मऊ नळी आणि सिरिंज लावून ५ ते १० मिली सोल्युशन सोडा, दट्ट्या जवळजवळ स्वतःच्या वजनानं उतरू द्या. अंगठ्यानं रेटा दिला तर शेजारच्या दोन रंगांमधली भिंत आत फुटते आणि मग सियानमध्ये पिवळा कायमचा. सिरिंज लावण्याआधी मशीन बंद, प्लग काढलेला, पाच मिनिटं थांबलेलं, आणि डेटा केबलच्या तोंडावर कोरडं कापड. ओल्या केबलवर मशीन चालू केलं तर हेड तर जातंच, बोर्डही सोबत नेतं.

विजेची तयारी वेगळी. पावसात लाइट गेली की कॅरेज रोलच्या मधोमध थांबतं आणि हेड उघडंच राहतं. म्हणून मशीनला यूपीएस हवा, हीटरची वायर वेगळी असेल तर ती यूपीएसवर घेऊ नका, बॅटरी बसते. यूपीएस फक्त चालू पास (कॅरेजची एक फेरी) संपवून कॅरेज कॅपवर आणण्यापुरता. अर्थिंग मल्टिमीटरनं मोजा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टच्या वर दिसले तर वायरमनला बोलवा. फ्लेक्स घासून तयार होणारी स्थिर वीज हेडमधून जायला नको. पंख्याचा झोत कॅरेजवर नको, रस्त्याकडचं शटर अर्धं खाली.

खंडेनवमीला मशीनची पूजा होणारच. हळदकुंकू बाहेरच्या कव्हरवर लावा, आत नाही, आणि उदबत्ती दुसऱ्या टेबलावर. उघड्या सॉल्व्हेंटजवळ ठिणगी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

शेवटी मेकॅनिकला फोन करायची वेळ आली तर आधीचा आणि आत्ताचा नोझल चेक, डॅम्परचा फोटो, कॅपच्या परीक्षेचा निकाल आणि कुठल्या जॉबच्या कितव्या मीटरला थांबलं, एवढं पाठवा. नवं हेड मागवायचंच ठरलं तर जुन्यावरचा पूर्ण नंबर वाचून द्या. डीएक्स-५ लॉक आणि अनलॉक अशा दोन्ही प्रकारांत मिळतं, चुकीचं आलं तर बोर्ड ते ओळखतच नाही. कोनिकाच्या हेडवर व्होल्टेजचा आकडा छापलेला असतो. हेड बसवण्याआधी तो टिपून घ्या, बसवल्यावर वाचता येत नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच भरावा लागतो.