डिबगर उघडण्याआधीची तयारी

सांगलीत बसून दूध संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी ही यादी. डिबगर म्हणजे चालता कोड मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघण्याचं साधन. तक्रार आली की लगेच कोडला हात लावू नका. आधी केंद्राच्या सचिवांकडून नीट विचारून घ्या: सकाळचं दूध की संध्याकाळचं, गाय की म्हैस, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) किती टाकलं, पडद्यावर काय आलं. एररचा फोटो पूर्ण मागवा. जावात मूळ कारण बहुतेकदा अगदी तळाच्या ‘कॉज्ड बाय’च्या ओळीत असतं आणि नेमकी तीच ओळ फोटोत येत नाही.

मग केंद्रावर चालू आहे तोच कमिट (कोडची नोंदवलेली आवृत्ती) आपल्या मशीनवर घ्या, लायब्ररींच्या आवृत्त्या जुळवा. डेटाबेसची प्रत घेताना उत्पादकांची नावं, मोबाइल आणि बँक खाती बदला. बदललेली नावंही मराठीतच ठेवा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, त्यामुळे ‘सांगली’ १८ बाइट भरते. बाइट मोजून १६ वर कापलं की शेवटची वेलांटी मोडते. ‘टेस्ट१’सारख्या नावांवर हे कधीच दिसणार नाही.

आता डिबगरचीच परीक्षा घ्या. हमखास चालणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट (इथं थांब अशी खूण) लावा. तिथंही थांबत नसेल तर आधी जोडणी तपासा. व्हीएस कोडमध्ये लाल ठिपक्याऐवजी करडं पोकळ वर्तुळ दिसलं तर डिबगरला तो ब्रेकपॉइंट लागलेलाच नाही. टाइपस्क्रिप्ट असेल तर सोर्स मॅप (चालणारा कोड मूळ ओळींशी जोडणारी फाइल) बघा, कोड डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनमधल्याच वेगळ्या बंद कप्प्यात, चालत असेल तर तिथला फोल्डरचा मार्ग. नोडचा इन्स्पेक्टर (डिबगर ज्याला जोडला जातो तो भाग) ९२२९ पोर्टवर असतो, पण फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे आतल्या आतच, ऐकतो, म्हणून पोर्ट मॅप करूनही कंटेनरबाहेरून जोडला जात नाही. त्याला ०.०.०.० (बाहेरूनही ऐक) द्यावं लागतं. हे फक्त आपल्या मशीनवर. सर्व्हरवर कदापि नाही, कारण त्या पोर्टवरून कुणीही हवा तो कोड चालवू शकतो.

सगळ्यात जास्त लक्ष घड्याळाकडे द्या. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ५.२० ची नोंद तिथं आदल्या रात्री ११.५० ची होते. तारीख तिथूनच उचलली तर दहा दिवसांच्या नव्या बिलातली पहिली सकाळ मागच्या बिलात जाते आणि शेतकऱ्याचा हिशोब जुळत नाही. लॅपटॉप भारतीय वेळेवर असल्यानं हा घोळ आपल्याकडे दिसतच नाही. टीझेड (वेळेच्या पट्ट्याचं सेटिंग) यूटीसी करून एक नोंद ५.२० ची आणि एक ५.४० ची टाकून बघाच.

‘मागच्या महिन्यात चालत होतं’ असं कुणी म्हणालं तर गिट बायसेक्ट लावा, तो दर तपासणीत कमिटांची यादी अर्धी करत जातो. हजार कमिटांतून दहाएक तपासण्यांत दोषी कमिट हाती लागतो.

आणि कामाला बसण्याआधी सचिवांना फोन करून सांगा, दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक नोंद रजिस्टरमध्येही लिहून ठेवा.