जुना लॅपटॉप सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की माझा नऊ वर्षांचा लॅपटॉप दुपारी अर्ध्या तासात फटकन बंद पडायचा. सकाळी मात्र सुरळीत चालायचा. दुकानात सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, नवाच घ्या." खोलून पाहिलं तर पंख्याच्या तोंडाशी धुळीचा थर बसला होता, गोधडीच्या चिंधीसारखा घट्ट. म्हणून कळकळीने सांगते, घाईने काही ठरवू नका.

सगळ्यात आधी फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट असं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. लॅपटॉप चालतोय तोवरच हे होतं.

मग चार दिवस एका वहीत टिपून ठेवा: किती वाजता बंद पडला, काय चालू होतं, खालून तापला होता का, निळा स्क्रीन (विंडोज कोलमडल्याचा संदेश) आला का. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधलंत तर तारखेनुसार बिघाडांची यादीही मिळते.

तापून एकदम बंद पडत असेल तर पंखा बघा. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवत असाल तर ती सवय आजच सोडा, हवा आत जायची वाटच बुजते. साफसफाईसाठी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवा. पंख्याचं पातं काडीने अडवून धरा आणि हवेच्या कॅनने थोडे थोडे फवारे मारा. पातं मोकळं सोडलं तर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, स्थिर विजेचा धोका असतो. चार-पाच वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) बहुधा वाळलेली असते. हात बसलेला नसेल तर ती कारागिराकडूनच बदलून घ्या.

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जही करू नका. ती घंटागाडीच्या रोजच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

निळा स्क्रीन कधीही, थंड असतानाही येत असेल तर संशय रॅमवर, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्टीवर. पट्टी काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा आणि 'खट्' आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेकीवर चालवून पाहा. मग 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हा विंडोजमधलाच रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा, त्याला वेळ लागतो. नवीन ड्रायव्हर (प्रिंटरसारखे भाग विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम) टाकल्यापासूनच हे सुरू झालं असेल तर तो आधी काढा.

फाइल उघडताना अडकतो, डिस्कमधून कटकट ऐकू येते? 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. पिवळा किंवा लाल रंग दिसला तर वाट पाहू नका, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका. जुन्या मशीनला याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, हा माझा अनुभव.

विंडोज १० असेल तर लक्षात घ्या, मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. विंडोज ११ झेपत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार करा.

एवढं करूनही बंद पडत असेल तर दुकानात जा, पण ती वही सोबत न्या. काय काय तपासून झालंय ते आधी सांगा आणि खर्चाचा आकडा कळल्याशिवाय लॅपटॉप खोलू देऊ नका.