मोडीवाल्यांनो, खंबायतच्या कबरी वाचा

मोडीचा वर्ग झाला, दोन-चारशे कागद वाचून झाले, आता पुढे काय, असं विचारणारे बरेच भेटतात. मी त्यांना गुजरातेतल्या खंबायतला पाठवते, तिथल्या जुन्या कबरींवरचे अरबी लेख वाचायला. ‘पण आम्हाला अरबी कुठे येतं?’ हे उत्तर ठरलेलं. अहो, थोडं येतं तुम्हाला. पेशवे दफ्तरातल्या कागदावर ‘सन अर्बा सलासीन मया व अलफ’ (म्हणजे ११३४) वाचताना आपण अरबी आकडेच वाचत असतो, तेही अरबी क्रमाने: आधी एकं, मग दहं, मग शेकडा. खंबायतच्या जामा मशिदीला (१३२५) लागून उमर बिन अहमद अल-काझरूनी या बड्या व्यापाऱ्याची कबर आहे, तिचं साल हिजरी ७३४. ते अरबीत म्हणजे ‘अर्बा व सलासीन व सबामिया’. मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

इथले संगमरवरी कबरदगड चौदाव्या-पंधराव्या शतकात जहाजांतून पार जावा-सुमात्रापर्यंत गेले. सुमात्रातल्या पासैची सुलताना नहरासिया आणि जावातल्या ग्रेसिकचे मौलाना मलिक इब्राहीम यांच्या कबरी खंबायतच्या घडणीच्या आहेत, हे मोकेत या डच अभ्यासकाने १९१२ साली दाखवून दिलं. वर कमान, कमानीत टांगलेला दिवा, खाली ओळींमागून ओळी. दिवा का, ते कुराणातल्या नूर सूरेची ३५वी आयत वाचली की कळतं: तिथे अल्लाहच्या प्रकाशाला कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आहे.

सुरुवात मजकुरापासून करू नका, साच्यापासून करा. आधी बिस्मिल्ला, मग एखादी आयत (‘प्रत्येक जीव मृत्यूची चव चाखणार आहे’ ही वारंवार भेटते), मग ‘हाज़ा कब्र’ म्हणजे ‘ही कबर’, त्यापुढे विशेषणांची रांग, नाव, गावावरून पडलेलं उपनाव आणि शेवटी तारीख. कुराणाचा भाग छापील प्रतीशी ताडून बघता येतो. त्यातून त्या कारागिराची अक्षरं ओळखीची होतात, मग नावाकडे वळायचं. मी उलटं केलं, थेट नावावर उडी मारली आणि दोन दिवस वाया घालवले.

खरी गंमत सत्तर आणि नव्वदची. आपल्या शुहूर सनातले, म्हणजे मोडी कागदांवरच्या त्या अरबी आकड्यांच्या सनातले, सबैन आणि तिसैन. दगडावर नुक्ते (अक्षरांवरचे-खालचे ठिपके) बहुधा नसतातच, आणि नुक्त्यांशिवाय दोन्हींत सारखेच चार दाते दिसतात: एकात तीनानंतर एक, दुसऱ्यात एकानंतर तीन. माझी अशीच वीस वर्षांची चूक झाली होती. ती वाराने पकडली. दगडावर तारखेबरोबर वार दिला असेल तर दोन्ही सालं मांडून वार काढायचा. जिथे जुळेल ते साल. एखाद्या दिवसाचा फरक चालतो, कारण चंद्रदर्शनावर महिना बदलतो आणि दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

दुसरा खड्डा खास आपल्या लोकांसाठी. इसवी साल काढायला शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायची सवय हाताला लागलेली असते. हिजरीला ती चालत नाही, कारण ते वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. काझरूनीच्या ७३४ मध्ये ६०० मिळवले तर १३३४ येतं, खरं १३३३. म्हणजे चूक दिसतसुद्धा नाही! नहरासियाच्या ८३१ ला मी तसंच करून १४३१ लिहिलं. तिचा मृत्यू १४२८चा.

ठशाबद्दल, म्हणजे दगडावर कागद बसवून शाईने घेतलेल्या प्रतीबद्दल: आपल्याकडच्या कोरीव लेखांचा ठसा घेतला की काळ्यावर पांढरी अक्षरं येतात. इथे अक्षरं उठावाची, त्यामुळे पांढऱ्यावर काळी. पण नवख्याने शाईला हात लावू नये, परवानगीशिवाय तर नाहीच. टॉर्च पुरतो. दगडासमोर धरू नका, बाजूने, जवळजवळ दगडाला टेकवून धरा. भर दुपारी संगमरवर इतका चमकतो की काहीच दिसत नाही; सकाळी लवकर जा.

पुढे गंभीरपणे करायचं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे. त्यांनी छापलेले लेख समोर ठेवून, वाचन झाकून, आधी स्वतः वाचून बघा.

आणि हो, चपला बाहेर काढा, डोकं झाका, मुजावरांना आधी विचारा. मला एका चाचांनी टॉर्च धरून मदत केली, आणि तासाभराने म्हणाले, “बेटी, इतका वेळ वाचतेयस, नाव तरी सांग कोणाचं आहे.” तोवर मी बिस्मिल्लाच्या पुढे गेले नव्हते.