फुरा-२ वापरून पेशीतील कॅल्शियमचा संकेत कसा मोजावा

विश्रांत पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते, तर बाहेर ते १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा ते वीस हजार पट असते. अनेक संप्रेरके आपल्या ग्राहीला जोडली जाताच आतले प्रमाण काही सेकंदांत वाढते. ही वाढ प्रतिदीप्तिमापकावर (ठरावीक प्रकाशाने उत्तेजित केलेल्या पदार्थाची चमक मोजणाऱ्या उपकरणावर) पाहण्यासाठी जैवरसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये मांडलेले फुरा-२ हे रंजक आजही भरवशाचे आहे. त्याला कॅल्शियम जोडले गेले की ३४० नॅनोमीटरच्या उत्तेजनाने मिळणारी प्रतिदीप्ती वाढते आणि ३८० ची घटते. दोन्ही वाचने ५१० नॅनोमीटरवर घेऊन त्यांचे गुणोत्तर काढल्यास रंजक कमीअधिक भरले गेल्याचा परिणाम बराचसा निघून जातो.

द्रवात तरंगणाऱ्या पेशींत रंजकाचे एएम एस्टर (पेशीपटल ओलांडणारे रूप; आत गेल्यावर ते तुटून रंजक मोकळे होते) १ ते ५ मायक्रोमोलर मिसळून ३० ते ४५ मिनिटे अंधारात, शक्यतो खोलीच्या तापमानाला ठेवावे, कारण ३७ अंशांवर ते पेशीअंगकांत अधिक शिरते. पेशी धुतल्यावर आणखी अर्धा तास थांबावे; एस्टर पूर्ण तुटले नाही तर रंजक चमकते, पण कॅल्शियमला दाद देत नाही.

सर्वाधिक फसगत होते ती गळतीमुळे. बाहेर आलेल्या रंजकाला तेथील विपुल कॅल्शियम लगेच जोडले जाते आणि गुणोत्तर खोटेच चढते. म्हणून थोड्या पेशी वेगळ्या काढून, कॅल्शियमचा परिणाम होत नाही अशा ३६० नॅनोमीटरच्या उत्तेजनावर मँगनीज क्लोराइड घालून पाहावे. मँगनीज बाहेरच्या रंजकाची चमक लगेच विझवते: प्रतिदीप्ती तत्क्षणी जेवढी कोसळेल, तेवढे रंजक बाहेर आहे. हा भाग मोठा असल्यास प्रोबेनेसिड (पेशीतून रंजक बाहेर टाकले जाणे रोखणारे औषध) वापरावे आणि मोजणीच्या अगदी आधी पेशी पुन्हा धुवाव्यात.

रंजक न भरलेल्या तितक्याच पेशींची वाचने दोन्ही तरंगलांबींवर घेऊन, गुणोत्तर काढण्याआधी ती वजा करावीत. ३४० वर पेशीतील एनएडीएच हा चयापचयातील सहविकर स्वतःही चमकतो.

शेवटी ट्रायटॉन या अपमार्जकाने पेशी फोडून कमाल गुणोत्तर नोंदवावे, मग सामू ८ च्या वर नेऊन कॅल्शियम पकडून ठेवणारे ईजीटीए पुरेसे घालावे आणि किमान गुणोत्तर घ्यावे. मोजलेल्या गुणोत्तरातून किमान वजा करून, कमाल व मोजलेले यांतील फरकाने भागावे. आलेल्या संख्येला ३८० वरील कॅल्शियमविरहित व कॅल्शियमसंपृक्त वाचनांच्या भागाकाराने आणि विघटन स्थिरांकाने (ज्या कॅल्शियम प्रमाणाला निम्मे रंजक जोडलेले असते ते; ३७ अंशांवर सुमारे २२४ नॅनोमोलर) गुणावे. गुणोत्तर कमालीच्या जवळ गेले की भाजक इतका लहान होतो की किरकोळ गोंगाटही उत्तर बिघडवतो. अशा तीव्र संकेतांसाठी कॅल्शियमला सैल धरणारे रंजक निवडावे.