एसी मधूनमधूनच थंड करत असेल तर दोष कसा शोधावा

पूर्ण बंद पडलेल्या एसीचे निदान त्यामानाने सोपे असते. अर्धा तास चांगला गारवा देऊन मग नुसती हवा फेकत राहणारा आणि मेकॅनिक घरात येईपर्यंत पुन्हा व्यवस्थित चालू लागणारा एसी मात्र घरच्यांचीही परीक्षा पाहतो आणि मेकॅनिकचीही. मुंबईत एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिच्यावर बहुतेक वेळा एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे गॅस भरून घेणे. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, गारवा केव्हा जातो, किती वेळाने परततो आणि त्या वेळी बाहेरच्या युनिटचा आवाज कसा असतो, एवढे पाहिल्याशिवाय कोणालाही एसीतील गॅसला हात लावू देऊ नये.

हा दोषच आहे ना, याची खात्री

एसीचे काही थांबणे स्वाभाविक असते. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत खोलीचे तापमान रिमोटवर लावलेल्या आकड्यापर्यंत उतरले की कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधील गॅस दाबून फिरवणारे यंत्र, थांबतो, आतला पंखा चालू राहतो आणि खोली थोडी तापल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो. एकदा थांबलेला कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटे तरी सुरू होत नाही, कारण आतला दाब समान होण्यासाठी तेवढा अवधी मुद्दाम ठेवलेला असतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर सहसा पूर्ण थांबत नाही. तो मंदावतो, त्यामुळे येणारी हवा कमी गार लागते आणि काहीतरी बिघडले असे वाटते.

त्यानंतर रिमोटवरील मोड पाहावा. पावसाळ्यात अनेक घरांत ‘ड्राय’ मोड लावला जातो आणि तो तसाच राहून जातो. या मोडमध्ये दमटपणा काढण्यासाठी कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. ‘स्लीप’ मोडमध्ये बहुतेक एसी रात्री तापमान टप्प्याटप्प्याने वाढवतात. ‘इको’ आणि ‘ऑटो’ हे मोडही स्वतःच्या हिशेबाने थंडावा कमी करतात. जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर येतील, असा नियम लागू झाला आहे. त्यामुळे वीज जाऊन आल्यावर आकडा बदललेला दिसला, तर तोही बिघाड समजू नये.

या सर्वांतून सुटका करून घेण्याची एक खात्रीची चाचणी आहे. दारे-खिडक्या बंद करून मोड ‘कूल’, पंखा सर्वाधिक वेगावर आणि तापमान सर्वांत खालचे, म्हणजे १६ किंवा १८ अंश, असे लावावे आणि एसी तासभर चालू द्यावा. मुंबईच्या उन्हाळ्यात खोली त्या आकड्यापर्यंत सहसा उतरत नाही, म्हणून कॉम्प्रेसरला थांबण्याचे काही कारणच नसते. तरीही खोली उकडत असताना गारवा गेला, तर दोष आहे असे निश्चित धरावे. चाचणी झाल्यावर आकडा परत २४ ते २६ च्या दरम्यान आणावा, कारण खालचा आकडा लावल्याने साधा एसी अधिक वेगाने थंड करत नाही.

दोन दिवसांची नोंद

एक वही घ्यावी आणि दोन दिवस नोंद ठेवावी. एसी कधी सुरू केला, गारवा कधी गेला, कधी परतला, त्या वेळी बाहेरचे युनिट पूर्ण शांत होते, नुसता पंखा फिरत होता की पंख्यासोबत कॉम्प्रेसरची खोल घरघरही होती, आतल्या युनिटवर एखादा दिवा लुकलुकत होता का किंवा आकडा-अक्षरांचा संकेत दिसत होता का, हे सर्व लिहावे. संकेत दिसल्यास त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण मुख्य स्विच बंद केल्यावर तो पुसला जाण्याची शक्यता असते. घरात साधा थर्मामीटर असेल, तर एसी सुरू होऊन पंधरा मिनिटे झाल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. चांगल्या स्थितीतील एसीत हा फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. हवा फार दमट असेल तर तो थोडा कमी भरतो, कारण एसीची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. गारवा गेल्यावर तेच मोजमाप पुन्हा घ्यावे.

पहाटेकडे गारवा जात असेल तर

रात्री झोपताना खोली छान गार असते, दोन-तीन वाजता हवेचा झोत क्षीण होतो, पहाटे उकडते, कधी आतल्या युनिटमधून पाणीही ठिबकते आणि सकाळी बंद केलेला एसी दुपारी लावला की पुन्हा उत्तम चालतो. हे वर्णन जुळत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ साचतो आहे असे समजावे. आतल्या युनिटचे झाकण उचलून जाळ्या काढाव्यात आणि टॉर्च लावून मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या पाहाव्यात. पांढरा थर असेल तर तो खरवडू नये, कारण त्या पट्ट्यांमागे तांब्याची पातळ नळी असते. मोड ‘फॅन’वर ठेवून दोन-तीन तास बर्फ वितळू द्यावा.

बर्फ दोन कारणांनी साचतो. कॉइलवरून पुरेशी हवा जात नसेल, तर थर सर्व कॉइलवर पसरलेला असतो. गॅस कमी झाला असेल, तर कॉइलचा एखादाच भाग पांढरा दिसतो आणि बाकीचा कोरडा राहतो. हा फरक मेकॅनिकला जरूर सांगावा. हवा अडण्याचे पहिले कारण म्हणजे जाळीवरील धूळ. मुंबईत सध्या पुनर्विकासाचे आणि रस्त्यांचे काम नाही असा परिसर विरळाच, त्यामुळे वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवून बसवावी. जाळी स्वच्छ असूनही झोत कमी असेल, तर आतल्या लांबट ब्लोअरच्या पात्यांवर काळपट चिकट थर बसलेला असतो. तो घरी निघत नाही, त्यासाठी जेट पंपाने सर्व्हिसिंग करून घ्यावे लागते. पंखा अगदी मंद ठेवून तापमान १८ अंशांवर लावण्याची सवयही बर्फाला आमंत्रण देते.

दुपारी गारवा जाऊन रात्री परतत असेल तर

आमच्या मुलुंडच्या घरी पश्चिमेच्या खोलीतला एसी दुपारी तीनच्या सुमारास उष्ण हवा देऊ लागे आणि रात्री दहानंतर काहीच झाले नसल्यासारखा चाले. त्या खोलीत माझ्या वयोवृद्ध सासूबाई दुपारी विश्रांती घेत असत, त्यामुळे तो त्रास केवळ गैरसोयीपुरता नव्हता. सलग दोन उन्हाळे मेकॅनिकने गॅस भरला, आठवडाभर बरे वाटले आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वर्षी आलेल्या एका वयस्क कारागिराने गॅसचा दाब मोजणारा गेज लावण्याआधी डक्टमधल्या, म्हणजे इमारतीच्या अरुंद उभ्या पोकळीतल्या, बाहेरच्या युनिटची मागची बाजू पाहिली. कबुतरांची पिसे, काड्या, विष्ठा आणि सिमेंटची धूळ यांचा घट्ट थर कंडेन्सरवर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधील कॉइलवर, बसला होता. तो धुतल्यानंतर एसी दुपारभर चालला. गॅस मुळात कमी नव्हताच, आणि वाढीव भरलेल्या गॅसने आतला दाब उलट वाढवला होता. त्याने तो काढून ठरलेल्या वजनाइतका केला.

यामागचे कारण सरळ आहे. खोलीतून ओढलेली उष्णता कंडेन्सर बाहेरच्या हवेत टाकतो. तिथे हवा अडली की दाब आणि विजेचा प्रवाह वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचा ओव्हरलोड संरक्षक त्याला आपोआप बंद करतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो निवला की पुन्हा सुरू होतो. रात्री बाहेरची हवा सौम्य असल्याने ही वेळ येत नाही.

म्हणून बाहेरच्या युनिटसमोर काही आडवे आले आहे का, ते पाहावे. वाळत घातलेले कपडे, बॉक्स ग्रिलमध्ये रचलेले सामान, पावसाळ्यात बांधलेले आणि काढायचे राहिलेले प्लास्टिक, अशा साध्या गोष्टीही पुरेशा असतात. अनेक इमारतींत एकाच अरुंद डक्टमध्ये चार-पाच युनिटे समोरासमोर बसवलेली असतात आणि एकाने टाकलेली गरम हवा दुसरे आत ओढते. यावर घरात उपाय नसतो, सोसायटीत बोलूनच युनिटांच्या जागा बदलाव्या लागतात. वरळी, वर्सोवा किंवा वांद्र्याच्या किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या पट्ट्या चुऱ्यासारख्या गळून पडतात, आणि अशी कॉइल कितीही धुतली तरी तिची क्षमता परत येत नाही. बाहेरचा पंखा फिरत असला तरी मंद फिरत असेल, तर त्याची मोटर किंवा मोटरला चालण्यास मदत करणारा कपॅसिटर दुबळा झाला असण्याची शक्यता असते.

युनिट गॅलरीत, हाताच्या सहज अंतरावर असेल, तर मुख्य स्विच बंद करून, नाका-तोंडावर मास्क लावून, विष्ठा आधी ओली करून मग पाण्याच्या हलक्या धारेने कंडेन्सर धुता येतो. ते खिडकीबाहेर ब्रॅकेटवर असेल, तर मात्र पहिल्या मजल्यावरही वाकून प्रयत्न करू नये आणि मेकॅनिकलाही सुरक्षा पट्ट्याशिवाय बाहेर उतरू देऊ नये.

काही मिनिटांतच चालू-बंद होत असेल तर

इथे संशय आधी विजेवर घ्यावा. स्टॅबिलायझर असल्यास गारवा जाताना त्यावरील आकडा पाहावा. आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. आकडा फार खाली जाऊन स्टॅबिलायझर पुरवठा तोडत असेल, तर एसी निर्दोष आहे. शेजाऱ्यांकडेही तसेच असल्यास तक्रार वीज कंपनीकडे करावी, मग ती शहर भागात बेस्ट असो, उपनगरांत अदानी किंवा टाटा असो, वा मुलुंड-भांडुपकडे महावितरण. फक्त आपल्याच घरी कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे मंद होत असतील, तर घरातील वायरिंग किंवा मीटरजवळचा जोड सैल असतो. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत दिव्या-पंख्यांसाठी ओढलेल्या तारांवरच एसी जोडलेले आढळतात, हे धोक्याचे आहे. एसीला स्वतंत्र लाइन आणि १६ अँपिअरचे सॉकेट हवे. एसी चालू असताना प्लग गरम लागत असेल किंवा त्याचा रंग तपकिरी झाला असेल, तर मुख्य स्विचवरून पुरवठा बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

वीज ठीक असेल, तर तीन शक्यता उरतात. बाहेरचे युनिट काही सेकंद हुंकार देऊन ‘टक्’ असा आवाज करत बंद होत असेल, तर बहुधा कॉम्प्रेसरचा कपॅसिटर गेलेला असतो. हा भाग स्वस्त असतो, पण वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो, म्हणून तो घरी काढू नये. कॉम्प्रेसर शांतपणे आणि फार लवकर थांबत असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी तापमानाचा सेन्सर जागेवरून सरकून थंड कॉइलला टेकला आहे का, ते तपासायला सांगावे. खोली गार झाली, अशी चुकीची सूचना तो देत असतो. इन्व्हर्टर एसीत बाहेरच्या सर्किट बोर्डावर मुंग्या किंवा पाल शिरूनही असे होते, आणि तिथे नोंदवलेला संकेत उपयोगी पडतो.

गॅस भरण्याआधी

एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, म्हणून तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. जोडाच्या नटांवर साबणाचे पाणी लावून, आणि तिथे न सापडल्यास नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हे पाहून गळती शोधतात. नाल्यालगतच्या इमारतींत सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला पोखरतो. अशा ठिकाणी आतली कॉइल बारीक छिद्रांनी गळते आणि ती बहुधा बदलावीच लागते.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि दमटपणा काढला पाहिजे. ही पायरी वेळ वाचवण्यासाठी सर्रास गाळली जाते, पण आत राहिलेली हवा दाब वाढवते आणि वर सांगितलेला दुपारचा दोष नव्याने निर्माण करते. त्यानंतर युनिटवरील माहितीपट्टीवर ग्रॅममध्ये दिलेल्या प्रमाणानुसार, काट्यावर वजन करून गॅस भरावा. नव्या बहुतेक एसीत असलेला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत किंवा सिगारेट असू देऊ नये.

मेकॅनिकला फोन करताना ‘थंड होत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी वहीतील नोंद वाचून दाखवावी आणि गारवा जाण्याची जी वेळ असेल, त्याच वेळेला त्याला बोलवावे. कॉम्प्रेसर किती अँपिअर घेतो हे क्लॅम्प मीटरने, म्हणजे तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, मोजून युनिटच्या माहितीपट्टीवरील आकड्याशी ताडून दाखवण्यास सांगावे. काय बदलले, गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम गॅस भरला, हे बिलावर लिहून घ्यावे. दुरुस्तीनंतर आणखी दोन दिवस त्याच वहीत, त्याच वेळांना नोंद करावी, आणि पूर्वीचीच वेळ पुन्हा दिसली तर दुरुस्तीच्या हमीची मुदत संपण्याआधी त्याला परत बोलवावे.