काजवे दाखवताना या चुका टाळा

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या वाटेला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातली सादडा, हिरडा, बेहड्याची झाडं पाऊस धरायच्या आधी काजव्यांनी लखलखतात आणि घरी पाहुणे ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना चार पैसे मिळतात. पाहुणे सकाळी निघताना ‘काजवे कमीच दिसले’ म्हणाले, तर आधी आपल्याच अंगणात बघा. आपण विकतो तो अंधार. तोच नासवला तर दाखवणार काय?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी थेट झाडाशी नेणं. मागे एका शनिवारी सादड्याचं एक झाड असं पेटलं होतं की लहान पोरंसुद्धा गप्प झाली. तेवढ्यात कुणीतरी गाडी वळवायला रिव्हर्स टाकला. पांढरा झोत बुंध्यावरून फांद्यांवर चढला आणि खालून वर एकेक फांदी विझत गेली. झाड पुन्हा लुकलुकायला लागेपर्यंत निम्मे लोक कंटाळून परत फिरले होते. काजवे आपल्यासाठी चमकत नाहीत. नर आणि मादी एकमेकांना त्या उजेडाच्या खुणेवरूनच शोधतात. पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं, त्यात प्रत्येक रात्र मोलाची.

म्हणून गाड्या गावातच थांबवा, शाळेचं पटांगण बरं. तिथून पायी न्या, आठ-दहा जणांमागे एक वाटाड्या द्या. बॅटरी फक्त त्याच्याच हातात, तिच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर दुहेरी बांधलेला आणि झोत पायाशी. मोबाईलचा फ्लॅश बंद करायला घरून निघतानाच सांगा, झाडाखाली सांगून कुणी ऐकत नाही. पडवीतल्या दिव्याचंही तेच. आमची ट्यूब रात्रभर जळायची आणि परसातल्या जांभळीवर काजवे का येत नाहीत म्हणून आम्हीच डोकं खाजवायचो!

झाडाखाली घुसू देऊ नका. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या खाली गवतातच असतात. अळ्याही ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. फोटोसाठी तिथे वीस पावलं नाचली की पुढच्या वर्षीचे काजवे तुडवले गेले समजा. बाटलीत काजवे भरणाऱ्या पोराला रागावू नका, बाटली मात्र काढून घ्या.

पाण्याचं गणित बहुतेक जण विसरतात. काजव्यांचे दिवस म्हणजे विहिरींनी तळ गाठलेले दिवस. धरण उशाला, कोरड घशाला, हे इथे कुणाला शिकवायला नको. बायका हंडे घेऊन उभ्या आणि पाहुणा शॉवर विचारतो. अंघोळीला एकच बादली, हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा. माझा तरी अनुभव असा, की कारण सांगितलं तर कुणी कुरकुरत नाही. प्यायला माठ ठेवा, जेवायला पत्रावळ. बाटल्यांचा ढीग उचलायला इथे घंटागाडी येत नाही.

शनिवारी जागा नसताना ‘या, बघू’ म्हणायची सवयही सोडा. रस्ता अरुंद, दोन गाड्या समोरासमोर आल्या की तासभर हॉर्न आणि हेडलाइट. मंगळवार-बुधवारी थोडा दर कमी करून पाहा. वनखात्याच्या प्रवेशाच्या वेळा दरवर्षी विचारून घ्या, गेल्या वर्षीच्या धरून चालू नका.

एवढं सांभाळूनही काजवे दिसले नाहीत तर? जोराचा पाऊस झाला, वारा सुटला किंवा टिपूर चांदणं असलं की चमक फिकी पडते. पौर्णिमेच्या आसपासचं बुकिंग घेताना हे आधीच बोला. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर कुणाला मोबाईल काढू देऊ नका. आणि पाऊस धरलाच, तर भिजत झाडापर्यंत ओढून नेऊ नका. चुलीपाशी बसवा, नागलीची गरम भाकरी वाढा आणि पैसे ठरले त्यापेक्षा थोडे कमी घ्या.