कुत्र्याला विष घातल्याचा संशय? पुरावा घालवणाऱ्या या चुका टाळा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी भटकं कुत्रं मरून पडलेलं दिसतं, तोंडाला फेस. हळहळ होते, ग्रुपवर वादावादी होते आणि दुपारपर्यंत कुणीतरी ते पुरून टाकतं. पुण्यात अशा तक्रारी बहुतेक इथेच संपतात. पशुवैद्यक कितीही जाणकार असला तरी टेबलावर जे येईल त्यावरच बोलणार.

म्हणून पुरू नका, धुऊ तर मुळीच नका. अंगावरची लाळ, उलटी, माती हाच पुरावा. जागेवरचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. संशयित खाणं उचलू नका, पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत त्यावर बादली पालथी घाला. उंदराच्या काही औषधांतून विषारी वायू सुटतो, त्यामुळे वास घेऊन बघायचा शहाणपणाही नको.

सगळ्यात जास्त घोळ फ्रीझरचा. गोठलेल्या पेशी फुटतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. मृतदेह पिशवीत घालून भोवती बर्फ ठेवा आणि त्याच दिवशी शवविच्छेदनाला न्या. एप्रिलच्या उन्हात तर तासातासाने नुकसान. ऊतीतले बदल पाहायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात जातो, पण विष शोधायचा जठर-यकृताचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की तपासणी बिघडते. डॉक्टरांना हे ठाऊक असतं, मदतीला धावलेल्या उत्साही मंडळींना नसतं.

‘गाडीने उडवलं असेल’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. रस्त्यावर घासटलेल्या कुत्र्याची नखं बऱ्याचदा फाटलेली, झिजलेली असतात. नखं शाबूत आणि बरगड्या वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेल्या दिसल्या, तर वारंवार मारहाणीचा संशय बळावतो. मात्र कुणी मारलं हे डॉक्टरांकडून वदवून घेऊ नका, ते काम तपास अधिकाऱ्याचं.

पोलीस ठाण्यात फक्त 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यावर भागवू नका. त्यातल्या कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड! प्राण्याला मारणं, विष घालणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. शवविच्छेदनासाठी सरकारी पशुवैद्यकाच्या नावे पोलिसांचं पत्र मागा. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले जठर-यकृतासारखे अवयव, सीलबंद होऊन पोलिसांमार्फतच गणेशखिंडच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जायला हवा. तुम्ही स्वतः डबा नेऊन दिलात, तर तो मधे कुणाच्या हातात होता हा प्रश्न बचाव पक्ष विचारणारच.

जनावर जिवंत असेल तर आधी उपचार, हे सांगायला नको. फक्त केसपेपरवर ‘विषबाधेचा संशय’ एवढ्यावर थांबू देऊ नका. डोळ्यांच्या बाहुल्या, लाळ, झटके, तापमान आणि वेळ लिहून घ्या.